पर्यंत म्हणजे कोठपर्यंत? : वैयाकरण नागोजीभट्टांचे चरित्र

वार्षिकांकासाठी चरित्रपर लेख लिहायचा म्हटले की लेखणी आपोआप संतांकडे, राष्ट्रपुरुषांकडे किंवा शास्त्रज्ञांकडे वळते. मी येथे ज्यांच्याविषयी लिहिणार आहे ते या तिन्ही रांगांत सहज बसणारे नाहीत. ते होते काशीत राहणारे एक मराठी वैयाकरण, नागोजीभट्ट काळे. संस्कृत ग्रंथांतून त्यांना नागेश म्हणतात. आमच्या संस्कृतच्या प्राध्यापकांना हे नाव नवे नाही. पाठशाळेत नुसते ‘शेखर’ म्हटले तरी ते नागोजीभट्टांच्या ग्रंथाविषयी आहे हे समजते. संगणकाच्या वर्गात मात्र हे नाव कोणी उच्चारत नाही. मी हैदराबादेत संगणकशास्त्र शिकवतो, आणि माझ्या विषयातल्या एका अगदी रोजच्या अडचणीचा सर्वांत सखोल विचार मला याच माणसाच्या ग्रंथात सापडला. म्हणून हा प्रपंच.

ती अडचण आधी सांगतो. आपण म्हणतो, सोमवारपर्यंत सुटी आहे. मग सोमवारी यायचे की मंगळवारी? पाचव्या पाठापर्यंत वाचून या असे सांगितले, तर पाचवा पाठ वाचायचा की चौथ्यावर थांबायचे? कन्नड विभागातील माझे मित्र सांगतात की त्यांच्या ‘वरेगे’ या शब्दाचीही हीच गत आहे. संगणकाला एखाद्या यादीचा अमुकपासून अमुकपर्यंतचा भाग हाताळायला सांगितला की हाच प्रश्न उभा राहतो. अशा भागाला आमच्या शास्त्रात ‘रेंज’ म्हणतात. मी येथे त्याला पल्ला म्हणेन. पल्ल्याचा आरंभ कोणता, शेवट कसा ओळखायचा, शेवटचा घटक आत धरायचा की बाहेर, आणि पल्ला रिकामा केव्हा समजायचा, हे करारासारखे आधी ठरवावे लागते आणि लिहून ठेवावे लागते. ठरवले पण लिहिले नाही, तर घोटाळा होतो. सोपा वाटणारा हा करार फार थोडे लोक नीट लिहितात.

संस्कृत वैयाकरणांनी ‘पर्यंत’चे हे दोन अर्थ फार पूर्वी वेगळे केले होते. सीमा बाहेर ठेवून मोजणे म्हणजे मर्यादा, आणि सीमेसकट मोजणे म्हणजे अभिविधी. संस्कृतातला ‘आ’ हा एकच उपसर्ग दोन्ही कामे करतो. आमरण उपोषण मरणापाशी थांबते, ती मर्यादा झाली. आबालवृद्ध म्हटले की बालकेही आत येतात, तो अभिविधी. दोन्ही शब्द आपण रोज वापरतो आणि न चुकता समजतो, कारण आपल्याला प्रसंग ठाऊक असतो. यंत्राला प्रसंग ठाऊक नसतो.

आता नागोजीभट्टांकडे वळू. त्यांचा काळ सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा. वडिलांचे नाव शिवभट्ट, आईचे सती. काशीत त्या वेळी महाराष्ट्रातून गेलेल्या विद्वानांची मोठी वस्ती होती. सोळाव्या शतकात पैठणचे रामेश्वरभट्ट तेथे गेले. त्यांच्याच वंशात पुढे कमलाकरभट्ट झाले आणि १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्टही झाले. जे पैठण १९५६ पर्यंत आपल्या हैदराबाद राज्यात होते, तेच हे पैठण. घरात मराठी, पाठशाळेत संस्कृत आणि बाजारात हिंदी, अशा वातावरणात ही मंडळी वाढत. हैदराबादेतल्या आपल्या मराठी आणि कन्नड घरांना ही तीन भाषांची कसरत समजावून सांगायला नको.

व्याकरणात नागोजीभट्टांचे गुरू होते हरि दीक्षित. ‘सिद्धान्तकौमुदी’ लिहिणाऱ्या भट्टोजी दीक्षितांचे हे नातू. म्हणजे नागोजीभट्ट ज्या परंपरेत शिरले ती आधीच भाष्यांवर भाष्ये रचत आलेली होती. पाणिनीची सुमारे चार हजार सूत्रे, त्यांवर कात्यायनाची वार्तिके, त्यांवर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले पतंजलीचे महाभाष्य, महाभाष्यावर कैयटाचा ‘प्रदीप’. या प्रदीपावर नागोजीभट्टांनी ‘उद्द्योत’ लिहिला, आणि त्यांचे शिष्य वैद्यनाथ पायगुंडे यांनी उद्द्योतावर ‘छाया’ लिहिली. दिवा, दिव्याचा प्रकाश आणि त्या प्रकाशाची सावली! कोणी म्हणेल, एकाच पुस्तकावर इतका कागद कशासाठी? याचे उत्तर नागोजीभट्टांच्या ‘परिभाषेन्दुशेखर’ या ग्रंथाच्या आरंभीच मिळते, आणि ते नेमके पल्ल्याच्या प्रश्नातून निघते.

पाणिनीच्या व्याकरणाला आरंभी चौदा छोटी सूत्रे जोडलेली आहेत. त्यांना शिवसूत्रे किंवा माहेश्वर सूत्रे म्हणतात. त्यांत वर्णमाला एका विशिष्ट क्रमाने मांडली आहे आणि प्रत्येक सूत्राच्या शेवटी एक व्यंजन केवळ खूण म्हणून ठेवले आहे. पहिल्या सूत्रात अ, इ, उ हे वर्ण आणि ण् ही खूण. दुसऱ्यात ऋ, ऌ आणि क् ही खूण. एखादा वर्ण घ्यायचा, पुढची एखादी खूण घ्यायची, दोन्ही जोडायचे, की मधल्या सगळ्या वर्णांचे नाव तयार झाले. अ पासून च् या खुणेपर्यंत अच्, म्हणजे सगळे स्वर. पाचव्या सूत्रातल्या ह पासून ल् या खुणेपर्यंत हल्, म्हणजे सगळी व्यंजने. याला प्रत्याहार म्हणतात. खूण स्वतः पल्ल्यात मोजली जात नाही, आणि वाटेत लागणाऱ्या इतर खुणाही वगळल्या जातात. आमच्या परिभाषेत बोलायचे तर पल्ल्याचा आरंभ आत आणि शेवटाची खूण बाहेर.

१९८२ साली डायक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने एका छोट्या टिपणात असेच मोजावे असा युक्तिवाद केला. आरंभ आत धरला आणि शेवट बाहेर ठेवला, तर शेवटातून आरंभ वजा केला की घटकांची संख्या मिळते. पाचपासून नवापर्यंत म्हणजे पाच, सहा, सात, आठ, एकूण चार. पाचपासून पाचपर्यंत म्हणजे रिकामा पल्ला, त्याला वेगळा नियम लागत नाही. सी प्लस प्लस या भाषेच्या प्रमाण ग्रंथालयात पल्ले असेच धरले जातात. २०२० सालच्या आवृत्तीत तर पल्ल्याचा शेवट ही आरंभापेक्षा वेगळ्या जातीची, केवळ पहारेकऱ्यासारखी खूण असू शकते, हेही अधिकृतपणे मान्य झाले. पाणिनीची खूण ही अशीच पहारेकरी आहे. अर्थात या भाषा रचणाऱ्यांनी पाणिनीवरून हे घेतले असे मी म्हणत नाही. अडचण एकच असली की समंजस माणसे जवळपासच्या उत्तरांवर येतात, एवढेच.

या योजनेची ताकद एका उदाहरणाने पटेल. इक् म्हणजे इ, उ, ऋ, ऌ. यण् म्हणजे य, व, र, ल. पुढे भिन्न स्वर आला की इक् मधल्या वर्णाच्या जागी यण् मधला त्याच क्रमांकाचा वर्ण येतो. अति आणि अंत मिळून अत्यंत, सु आणि आगत मिळून स्वागत, पितृ आणि आज्ञा मिळून पित्राज्ञा. दोन पल्ले शेजारी ठेवून जोडीजोडीने चालत जाणे, हे आजचा प्रोग्रामर दिवसातून दहा वेळा करतो.

पण या सुंदर रचनेत एक गाठ आहे. ण् ही खूण दोनदा आली आहे. एकदा पहिल्या सूत्राच्या शेवटी आणि पुन्हा सहाव्याच्या शेवटी. मग अण् म्हटले की कोठे थांबायचे? पहिल्या खुणेशी थांबलो तर तीन वर्ण हाती येतात. दुसऱ्या खुणेपर्यंत गेलो तर चौदा. तीन की चौदा? सूत्रात याचे उत्तर लिहिलेले नाही. वर्णमालेत व्यंजनांचा तोटा नव्हता. पाणिनीला दुसरी एखादी खूण सहज घेता आली असती.

येथे दोन मार्ग संभवतात. एक म्हणजे रचनेतच दोष आहे असे ठरवून ती टाकून देणे. दुसरा म्हणजे नियम कसा वापरला आहे ते पाहून त्याचा अर्थ निश्चित करणे. पतंजलीने दुसरा मार्ग धरला, आणि त्यातून जे तत्त्व निघाले ते नागोजीभट्टांनी आपल्या ग्रंथातली पहिली परिभाषा म्हणून मांडले. शंका आली एवढ्यावरून नियम बाद ठरत नाही, त्याचा नेमका अर्थ व्याख्यानावरून ठरवावा, असा तिचा आशय. मग पुरावे येतात. निर् आणि रस मिळून नीरस होते तेव्हा र् लोपतो आणि आधीचा अण् दीर्घ होतो; तेथे पहिली खूण धरायची, म्हणजे अ, इ, उ एवढेच. उलट एक वर्ण आपल्या सवर्णांचेही ग्रहण करतो असे सांगणाऱ्या सूत्रात दुसरी खूण धरायची. कारण दुसऱ्या एका ठिकाणी पाणिनीने ऋ च्या सवर्णांना रोखण्यासाठी मुद्दाम जादा त् लावला आहे. ऋ या पल्ल्यात येतच नसता, तर त्या रोखण्याची गरजच पडली नसती. परंपरेने तर असेही म्हटले की ण् दोनदा घेणे हीच पाणिनीने दिलेली सूचना आहे: येथे थांबा आणि जाणत्याला विचारा.

व्याख्यान म्हणजे नुसते पदे तोडून दाखवणे नव्हे, हेही महाभाष्यात सांगितले आहे. उदाहरण द्यावे, प्रतिउदाहरण द्यावे, आणि सूत्रात जे शब्द अध्याहृत आहेत ते पुरवावेत. प्रोग्रामसोबत लिहावयाच्या माहितीपत्रकाची याहून चांगली व्याख्या मला तरी आढळलेली नाही. आमचे विद्यार्थी उदाहरण देतात. प्रतिउदाहरण, म्हणजे हा नियम कोठे लागू होत नाही ते, बहुतेक कोणी देत नाही.

याचा व्यवहारातला प्रसंग सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी शहरातल्या एका कंपनीत कामाला लागला. तेथे दोन तारखांमधल्या दिवसांचे व्याज काढणारे दोन जुने प्रोग्राम होते. एक शेवटची तारीख धरत असे, दुसरा धरत नसे. दोन्हींत ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ एवढेच लिहिले होते, आणि ज्यांनी ते लिहिले ते केव्हाच नोकरी सोडून गेले होते. हिशेब एका दिवसाने जुळेना. दोन्ही पुसून नवे लिहावे असे त्याच्या मनात आले. मी त्याला म्हटले, आधी हे प्रोग्राम कोणाकोणाला उत्तरे पुरवतात ते पाहा. तपासात निघाले की दोन्ही आपापल्या जागी बरोबर होते; एक ठेवीसाठी होता आणि दुसरा कर्जासाठी, आणि दोहोंचे नियम वेगळे होते. दोष एकाच ओळीचा होता, जी कोणी लिहिलीच नव्हती. पुसून टाकले असते तर ते ज्ञानही पुसले गेले असते. नागोजीभट्टांची पहिली परिभाषा मी त्याला तेव्हा सांगितली. ती त्याने मराठीत भिंतीवर लावली आहे असे ऐकतो.

परिभाषा म्हणजे नियम कसे वाचावेत याचे नियम. दोन सूत्रे एकाच जागी लागू होऊ लागली तर कोणते बलवान, अपवादाचा अधिकार किती, आतले कार्य आधी की बाहेरचे, असे हे प्रश्न. नागोजीभट्टांनी सव्वाशेच्या आसपास परिभाषा एकत्र आणून प्रत्येकीला तिचा आधार विचारला. ती पूर्वीच्या आचार्यांनी शब्दांत सांगितलेली आहे काय? पाणिनीच्या एखाद्या सूत्रावरून सूचित होते काय? की लोकव्यवहारातल्या न्यायाने सिद्ध होते? महाभाष्याचा आधार नसलेल्या, पण पाठशाळांतून चालत आलेल्या काही परिभाषा त्यांनी सरळ बाजूला सारल्या. परंपरेचा एवढा अभिमानी माणूस परंपरेतला गाळही काढतो, ही गोष्ट मला मोलाची वाटते. व्याख्यान करायचे म्हणजे मिळेल ते साठवायचे असे नव्हे.

त्यांच्या लेखनाचा पसारा केवढा होता! ‘सिद्धान्तकौमुदी’वर बृहत् आणि लघु असे दोन ‘शब्देन्दुशेखर’, भाषेच्या तत्त्वज्ञानावर लहानमोठ्या तीन आकारांत ‘मञ्जूषा’, जगन्नाथ पंडितांच्या ‘रसगंगाधरा’वर टीका, शिवाय धर्मशास्त्र आणि योगसूत्रे यांवरील ग्रंथ. प्रयागजवळ गंगाकाठी असलेल्या शृंगवेरपूरचा राजा राम हा त्यांचा आश्रयदाता. या राजाच्या नावावर असलेली रामायणाची ‘तिलक’ टीका खरी नागोजीभट्टांचीच, असे अनेक अभ्यासक मानतात.

जयपूरच्या सवाई जयसिंगाने त्यांना आपल्या अश्वमेधासाठी बोलावले होते, अशी आख्यायिका आहे. आपण क्षेत्रसंन्यास घेतला आहे, काशी सोडून कोठे जाणार नाही, असे सांगून त्यांनी ते निमंत्रण नाकारले म्हणतात. गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, या माणसाने आपली सीमा स्वतः आखून घेतली होती आणि ती पाळली, एवढे तिच्यावरून समजते.

त्यांना मूलबाळ नव्हते. एका श्लोकात त्यांनी ‘शब्देन्दुशेखर’ हा आपला पुत्र आणि ‘मञ्जूषा’ ही आपली कन्या असे म्हणून दोघांना शिवपार्वतीच्या चरणी अर्पण केले आहे. हे वाचल्यावर ‘परिभाषेन्दुशेखर’ ज्या वचनाने संपतो त्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना पुत्रजन्माचा आनंद होतो, असा त्याचा भाव आहे. वचन जुने, पाठशाळेत थट्टेनेही म्हटले जाणारे. पण निपुत्रिक माणसाने ते आपल्या ग्रंथाच्या अखेरीस ठेवावे, यात मला थट्टा दिसत नाही. आयुष्य कशात घातले याचा तो हिशेब आहे.

त्यांची पाठपरंपरा काशीत राहिली तशी महाराष्ट्रातही आली. पुण्याचे नीळकंठशास्त्री थत्ते, साताऱ्याचे भास्करशास्त्री अभ्यंकर ही त्यातली नावे. भास्करशास्त्र्यांचे नातू वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांनी ‘परिभाषेन्दुशेखरा’वर टीका लिहिली आणि महाभाष्याचे सहा खंडांत मराठी भाषांतर केले. डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या फ्रान्झ कीलहॉर्न या जर्मन पंडिताने १८६८ ते १८७४ या काळात ‘परिभाषेन्दुशेखर’ इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. त्यामुळे नागोजीभट्ट युरोपातही वाचले जाऊ लागले.

पुढे १९८५ साली एका अमेरिकन संगणकविषयक मासिकात रिक ब्रिग्ज यांचा संस्कृत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा लेख आला. त्यात वाक्यार्थाचे जे पृथक्करण आधाराला घेतले होते ते नागोजीभट्टांचेच. या लेखावरून संस्कृत ही संगणकाला सर्वांत योग्य भाषा आहे असे अमेरिकेने मान्य केल्याची हाकाटी झाली, ती अजून थांबलेली नाही. लेखाचा विषय वाक्याचा अर्थ यंत्रात कसा मांडावा एवढाच होता. संस्कृतात प्रोग्राम लिहावेत असे त्यात म्हटलेले नाही. नागोजीभट्टांनी अशी हाकाटी ऐकली असती तर तिचा आधार विचारला असता. खरे काम शांतपणे चालते, आणि ते आपल्या शहरातही झाले आहे. पाणिनीच्या दृष्टीने भाषांचे संगणकीय विश्लेषण करण्यावरचे एक महत्त्वाचे पुस्तक १९९५ साली निघाले. ते लिहिणाऱ्यांचे काम पुढे हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत वाढले, आणि हैदराबाद विद्यापीठाच्या संस्कृत विभागात संगणकीय संस्कृतचा अभ्यास होतो. नांदेड, बीदर, गुलबर्ग्याहून येथे शिकायला येणाऱ्या मुलांनी हे विभाग एकदा तरी जाऊन पाहावेत.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? सगळ्यांनी व्याकरणपंडित व्हावे अशी माझी मुळीच अपेक्षा नाही. पण विद्यार्थी मित्रहो, पल्ला घेणारा एखादा प्रोग्राम लिहाल तेव्हा त्याच्या माथ्यावर चार ओळी लिहा. आरंभ कोणता, शेवट आत की बाहेर, रिकामा पल्ला आला तर काय होईल, आणि हा प्रोग्राम कोठे वापरू नये. शेवटची ओळ विसरू नका. आणि दुसऱ्याने लिहिलेले काही समजले नाही, तर ते पुसण्याआधी कोणाला तरी विचारा. विचारायला कोणी उरले नसेल, तर ते कोठे कोठे वापरले आहे ते शोधा. पतंजलीलाही पाणिनी भेटलेला नव्हता.